थंडीत गाडी सुरू करून दहा मिनिटं तशीच ठेवायची का? घरात रोज वाद होतोय

डिचोलीकर_८४:
नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण आमच्याकडे गेले पंधरा दिवस रोज सकाळी यावरून वाद होतोय म्हणून इथे विचारतो. मी डिचोलीला राहतो, कामाला म्हापशाला जातो. गेल्या वर्षी नवीन गाडी घेतली, पेट्रोल, बाराशे सीसी, बीएस सहा. डिसेंबर लागून पहाटे जरा गारवा पडायला लागला की बाबा साडेसहाला उठून गाडी सुरू करतात आणि दहा-बारा मिनिटं तशीच चालू ठेवतात, मधे दोन-तीनदा रेस पण देतात. म्हणतात इंजिन गरम झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, बोअर-पिस्टन खातात. बाबांनी खाणीवर वीस वर्षं टिप्पर चालवला, २०१२ ला खाणी बंद पडल्या तोपर्यंत, आणि त्यांच्या हातातल्या गाडीचं इंजिन अवेळी खोलायची पाळी कधी आली नाही. त्यामुळे त्यांना चूक म्हणायची माझी हिंमत होत नाही आणि खरं सांगायचं तर तशी इच्छापण नाही.

पण अडचण अशी आहे की गाडी ठेवायची जागा पडवीला लागून आहे, तीन बाजूंनी भिंत आणि वर पत्रे, सगळा धूर खिडकीतून आतल्या खोलीत येतो आणि तिथे माझी चार वर्षांची मुलगी झोपलेली असते. तिला थंडीत आधीच खोकला. बायको म्हणते हे आजपासून बंद, बाबा म्हणतात बंद करा, मग इंजिन बसलं तर मला सांगायला येऊ नका. दोघांच्या मधे मी.

तर आपल्या गोव्यातल्या थंडीत याची खरंच गरज आहे का? आणि दुसरं, फेब्रुवारीत मित्रांबरोबर याच गाडीने मनालीला जायचं ठरतंय, तिथे काय करायचं? ज्यांना माहिती आहे त्यांनी जरा कारणासकट सांगा, नुसतं हो किंवा नाही सांगितलं तर बाबांना पटणार नाही.

फोंडेकर:
गरम करायलाच हवी. माझ्याकडे ९८ ची मारुती आठशे आहे, कार्ब्युरेटरवाली. जानेवारीत सकाळी चोक ओढून चार-पाच मिनिटं ठेवली नाही तर गेटबाहेरच्या चढावर हमखास बंद पडते. बाबांचं बरोबर आहे.

रुग्णसेवा_म्हापसा:
मी नर्स आहे. गाडीचं बाकीचे लोक सांगतील, मी फक्त त्या खिडकीबद्दल लिहितेय आणि कृपा करून हे आजच मनावर घ्या. धुराने खोकला वाढतो ते आहेच, पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जो आहे त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, काहीच कळत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतं, म्हणजे हवेत तो थोडासा असला तरी ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. मोठ्या माणसाला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, तो उठून बाहेर तरी जाईल. झोपलेलं मूल उठत नाही, त्याची झोप आणखी गाढ होते, आणि आपल्याला वाटतं छान झोपलीय. लहान मुलांचा श्वास पण जलद असतो. तीन बाजूंनी भिंत आणि वर पत्रे म्हणजे ती जागा बंद गॅरेजसारखीच धरा, एक बाजू उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वाद मिटेल तेव्हा मिटेल, उद्या सकाळी गाडी ढकलून रस्त्यावर काढा आणि मगच सुरू करा. आणि मुलगी सकाळी उठल्यावर डोकं दुखतं म्हणत असेल किंवा उलटी होत असेल तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या आणि धुराचं त्यांना आवर्जून सांगा.

पाना_नंबर_दहा:
ताईंनी लिहिलं ते सगळ्यात महत्त्वाचं, त्यात माझी एकच भर. नवीन गाडीच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तोच हा विषारी वायू मारतो, पण तो साधारण अडीचशे-तीनशे डिग्री तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे गार गाडी सुरू केल्यावरची पहिली मिनिटं सगळ्यात वाईट धुराची असतात. बीएस सहा आहे म्हणजे धूर स्वच्छ असेल असं समजून चालू नका, निदान त्या वेळी तरी.

आता गाडीचं. माझं कुडचड्याला छोटं गॅरेज आहे, अठ्ठावीस वर्षं हेच काम, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या गाडीला दहा मिनिटांची गरज नाही. सेल्फ मारा, अर्धा मिनिट थांबा, बेल्ट लावा आणि निघा, फक्त पहिले चार-पाच किलोमीटर गाडी हळू चालवा, आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा दोन-अडीच हजाराच्या वर नेऊ नका. बस.

फोंडेकर भाऊ खोटं बोलत नाहीयेत, त्यांची गाडीच वेगळी आहे. पेट्रोल पातळ आहे तोवर पेटत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. इंजिन गार असलं की कार्ब्युरेटरमधून निघालेलं पेट्रोल मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या, गार भिंतीला थेंब होऊन चिकटतं आणि आत जातं ते मिक्चर हलकं पडतं, मग गाडी फडफडते, चढावर बंद पडते. म्हणून चोक ओढून हवा अडवायची आणि पेट्रोल जास्त खेचू द्यायचं. ते सगळं हाताच्या अंदाजाने, चोक लवकर ढकलला तर गाडी बंद, उशिरा ढकलला तर प्लग काळा. त्या गाड्या थोड्या तापवाव्याच लागतात. इंजेक्शनवाल्या, म्हणजे तुमच्यासारख्या नव्या गाडीत हेच काम सेन्सर करतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, किती गार आहे ते तो कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर त्या हिशोबाने पेट्रोल फवारणारा इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. सकाळी सुरू केल्या केल्या तुमचा काटा बाराशे-पंधराशेवर जात असेल आणि मग आपोआप खाली उतरत असेल, बघा. तो उतरायला लागला की निघायचं, एवढं सोपं आहे.

आता बाबांची जी खरी भीती आहे, बोअर-पिस्टन खातात, ती अगदी बरोबर आहे. गार इंजिन जास्त झिजतं यात शंकाच नाही. पण का झिजतं ते बघा. गार असताना जास्तीचं पेट्रोल आत जातं, ते सगळं जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. मग इंजिन जितका जास्त वेळ गार राहील तितकी झीज जास्त. आणि जागेवर उभ्या गाडीचं इंजिन फार हळू तापतं कारण त्याच्यावर लोडच नाही. हळू चालवलं तर तेच निम्म्याहून कमी वेळात तापतं. म्हणजे दहा मिनिटं उभी ठेवून बाबा जी झीज वाचवायला बघतायत ती उलट वाढतेय. शिवाय उभ्या गाडीत फक्त इंजिन तापतं, गिअरबॉक्सचं ऑइल, चाकांचे बेअरिंग, शॉकॲब्सॉर्बर, टायर सगळं गारच, ते चाललं तरच तापणार.

आणि ती रेस देणं, ते मात्र आजच बंद करायला सांगा. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, तो आधी तापतो आणि फुगतो, भोवतीचा बोअर मागून तापतो. मधल्या वेळात दोघांमधली जागा कमी होते. जुन्या टू स्ट्रोक स्कूटरी सकाळी सुरू केल्या केल्या पिळल्या की पिस्टन जाम होऊन यायच्या, मी कितीतरी खोललेत.

ऑइलबद्दल पण सांगतो कारण जुने ड्रायव्हर त्याचं नाव काढतातच. पूर्वीची जाड ऑइलं गारठ्यात वर चढायला वेळ घ्यायची हे खरं. आता डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० डिग्रीला होते, ०डब्ल्यूची उणे ३५ ला, अगदी जुन्या २०डब्ल्यूची सुद्धा उणे १५ ला. पणजीत जानेवारीची रात्र १९-२० डिग्रीची, तुमच्या डिचोली-सत्तरीकडे आणखी थोडी खाली जाईल. या थंडीत ऑइलला काहीही होत नाही, ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझतो ना, म्हणजे ऑइल पोचलं.

पेट्रोलचा हिशोब हवा असेल तर अशी गाडी उभी असताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पिते, गार असताना थोडं जास्तच. रोज दहा मिनिटं म्हणजे महिन्याला पाच तास, म्हणजे अडीच ते पावणेचार लिटर पडवीत जळतंय.

उसगावचा_टिप्पर:
पाना भाऊ, सगळं पटलं पण डिचोलीकरांच्या बाबांची बाजू मला मांडायची आहे कारण मी पण त्याच लाइनीतला, आधी क्लीनर मग ड्रायव्हर, सारमानसच्या जेटीवर माल टाकायचो. टिप्पर सकाळी सुरू करून दहा मिनिटं ठेवायचो ते नुसतं इंजिन तापवायला नाही. टिप्परला एअर ब्रेक. रात्रभर उभा राहिला की टाकीतली हवा उतरते, कुठेतरी थोडं लीक असतंच. सुरू करून कॉम्प्रेसरने टाकी भरेपर्यंत, हवेचा काटा वर येऊन बझर बंद होईपर्यंत गाडी हलवायचीच नाही, हा नियम. भरलेला टिप्पर उतारावर आणि ब्रेकात हवा नाही म्हणजे काय ते ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना माहिती आहे. आम्हाला जुन्या ड्रायव्हरांनी शिकवलं तेव्हा कारण कोणी सांगितलं नाही, नुसतं सांगितलं की गाडी तापू दे, काटा वर आल्याशिवाय हात लावू नको. म्हणून काटा वर येणं आणि इंजिन गरम होणं हे आमच्या डोक्यात एकच झालं. त्यातून जुनी डिझेल इंजिनं सकाळी पांढरा धूर टाकायची, तो धूर जाईपर्यंत ओढत पण नसत.

बाबांना हे असं सांगून बघा. त्यांनी वीस वर्षं जे केलं ते बरोबरच केलं, त्यामुळेच ते आणि रस्त्यावरचे बाकीचे लोक सुखरूप घरी आले. या गाडीला फक्त हवेची टाकी नाही.

शाळा_वाळपई:
माझा पण एक प्रश्न इथेच विचारते, चालेल ना? माझी स्कूटर २०१६ ची आहे, सकाळी पावणेसातला शाळेला निघते, इथे तेव्हा चांगलंच धुकं असतं, सीटवर दंव साचलेलं. सेल्फने लागतच नाही, किक मारून मारून पाय दुखतो, लागली तरी पहिल्या वळणावर बंद पडते. दुपारी मात्र एका सेल्फला सुरू. मी पण मग पाच मिनिटं गरम करत ठेवते. हे ठीक आहे की आणखी काही बिघाड आहे?

पाना_नंबर_दहा:
ताई, २०१६ ची म्हणजे कार्ब्युरेटरवालीच. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सहा आलं त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या दुचाकींना इंजेक्शन आहे, त्याआधीच्या बहुतेक स्कूटरींना कार्ब्युरेटर. एखाद-दोन मिनिटं लागणं ठीक, पण पाच मिनिटं आणि वर किका म्हणजे काहीतरी राहिलंय. आधी प्लग काढून बघायला सांगा, काळा आणि ओला असेल तर बदला, फार खर्च नाही. चोक सुटतोय का आणि बसतोय का ते बघा. एअर फिल्टर बदलून किती दिवस झाले? स्लो (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) फार खाली असेल तर थोडा वाढवून घ्या. आणि बॅटरी, गारठ्यात बॅटरीची ताकद कमी होतेच, जुनी असेल तर सकाळी ती पहिली हात टेकते. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मधे थोडं थांबा. आणखी एक, आता मिळतं त्या पेट्रोलात इथेनॉल असतं आणि इथेनॉल गारठ्यात पेट्रोलसारखं चटकन उडत नाही. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर गाड्या चालायच्या तेव्हा सकाळी सुरू करायला बॉनेटखाली पेट्रोलची वेगळी छोटी टाकी ठेवायचे. आपल्याकडे तेवढं प्रमाण नाही पण प्लग, बॅटरी, कार्ब्युरेटर तिन्ही थोडे थोडे ढिले असले की एवढं कारण पण पुरतं.

मडगावकार:
माझी टर्बो पेट्रोल आहे, तिलापण हेच लागू का? शोरूममध्ये सांगितलं होतं की टर्बोला सुरू करताना आणि बंद करताना थांबायला हवं.

पाना_नंबर_दहा:
सुरू करताना तेच अर्धा मिनिट, मग हळू. टर्बोचा दांडा ऑइलच्या पापुद्र्यावरच फिरतो, म्हणून ऑइल तापेपर्यंत जोरात दाबायचं नाही, हे टर्बोला जास्तच कडक पाळा. बंद करताना थांबायचं ते चोर्ला चढून आलात किंवा हायवेवर पळवून आलात तर, तीस सेकंद ते मिनिटभर चालू ठेवा म्हणजे तापलेल्या टर्बोतून ऑइल फिरत राहील. मडगावात बाजारातून घरी आलात तर लगेच बंद केलीत तरी चालतं.

माजी_सैनिक_पेडणे:
मनालीचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मी आर्मीत ड्रायव्हर होतो, दोन हिवाळे द्रासच्या बाजूला काढलेत. तिथे गरम करणं म्हणजे काय ते वेगळंच. रात्री उणे वीसच्या खाली जायचं, ड्युटीवरचा ड्रायव्हर रात्रीत दर दोन-तीन तासांनी उठून गाड्या सुरू करून ठेवायचा, नाहीतर सकाळी बॅटरीत जीव नाही आणि साधं डिझेल मेणासारखं गोठून फिल्टरमध्ये अडकलेलं. आता बरं झालंय, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल काढलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं. आमच्या वेळी नव्हतं.

तुम्ही मनालीला जाताय, पेट्रोल गाडी, एवढं काही नाही. फेब्रुवारीत रात्री शून्याखाली जाईल. तिथेही दहा मिनिटं नको, दोन-तीन मिनिटं पुरे, तेवढ्यात काचेवरचा बर्फ खरवडून होतो आणि डिफॉगरने आतली काच साफ होते. खरं म्हणजे तिथे थांबायचं ते काच दिसण्यासाठी. गरम पाणी काचेवर ओतू नका, तडा जातो. वायपर रात्री उचलून ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठतो, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

पण जायच्या आधी इथे गोव्यातच एक गोष्ट नक्की करा, रेडिएटरमध्ये काय आहे ते बघा. आपल्याकडे कूलंट कमी झालं की विहिरीचं नाहीतर नळाचं पाणी ओततात, इथे ते खपून जातं. तिथे पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटरच काय, इंजिनाचा ब्लॉक फुटतो, तो खर्च विचारू नका. निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी असं असेल तर उणे ३५ पर्यंत काळजी नाही. बॅटरी तीन वर्षांच्या वरची असेल तर तपासून घ्या. वायपरच्या टाकीतलं साधं पाणीसुद्धा काढून टाका. आणि हॉटेलच्या बंद पार्किंगात किंवा बर्फात अडकलात तर गाडी चालू ठेवून आत झोपू नका, सायलेन्सर बर्फात बुजला की धूर आत येतो. नर्सताईंनी वर लिहिलंय तेच. मी हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतोय.

पाना_नंबर_दहा:
कूलंटचं अगदी बरोबर. आणि एक राहिलं. ज्यांची रोजची फेरीच छोटी आहे त्यांनी लक्ष द्या. दिवाडी बेटावरचं माझं एक गिऱ्हाईक आहे, घरातून फेरीबोटीच्या धक्क्यावर दोन किलोमीटर, बोटीत गाडी बंद, पलीकडे उतरून परत दोन किलोमीटर. इंजिन कधी पुरतं तापतच नाही, आत जमलेलं पाणी आणि पेट्रोल ऑइलमधून उडून जात नाही. पावसाळ्यात त्यांनी ऑइलचं झाकण उघडलं तर खाली लोण्यासारखा दुधाळ थर, घाबरून फोन केला. कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासावी लागते, त्यांचं कूलंट जिथल्या तिथे होतं, म्हणजे नुसता ओलावा. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर सलग फिरवा आणि ऑइल किलोमीटरवर न जाता महिन्यांवर बदला एवढंच सांगितलं. अशा गाडीला सकाळी उभ्याउभ्या तापवून काही मिळत नाही.

डिचोलीकर_८४:
सगळ्यांचे मनापासून आभार, चार दिवसांनी लिहितोय. नर्सताई, तुमचं वाचलं त्याच रात्री गाडी पडवीजवळून काढून बाहेर गेटपाशी लावली, आता तिथेच ठेवतो, पत्र्याची जागा मोकळी. मुलीला डोकेदुखी वगैरे नव्हती पण तरी डॉक्टरांना दाखवून आलो, छाती साफ आहे म्हणाले.

बाबांना उसगावच्या भाऊंचं पूर्ण वाचून दाखवलं. हवेच्या काट्याचं ऐकून ते बराच वेळ गप्प बसले, मग एकेका टिप्परची नावं घेऊन सांगायला लागले, कुठला रात्रभर हवा धरून ठेवायचा आणि कुठल्याची सकाळी सगळी उतरलेली असायची, आणि आमोण्याच्या उतारावर एका पहाटे काय झालं होतं, जे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. त्यांना विचारलं तर म्हणाले हो, आम्ही काटाच बघायचो.

तरी लगेच ऐकलं नाही, म्हणाले करून बघूया. आमच्या गाडीत इंजिन गार असलं की निळा दिवा लागतो. पहिल्या दिवशी गेटबाहेर उभी ठेवून घड्याळ लावलं, दिवा विझायला नऊ मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बाबा बाजूला बसले, अर्धा मिनिट थांबून हळू निघालो, तर चार मिनिटं पण झाली नव्हती आणि मुळगावच्या आधीच दिवा गेला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त तिसऱ्या गिअरमध्ये जरा जोर दिला तर म्हणाले, अजून ऑइल गरम झालं नसेल, दमानं घे. पाना भाऊ, ते बरोबर ना? दिवा विझला तरी ऑइल तापायला आणखी वेळ लागतो?

पाना_नंबर_दहा:
शंभर टक्के बरोबर. दिवा कूलंटचा असतो, ऑइल त्याच्या मागून तापतं, दुप्पट वेळ धरा. अस्नोडा येईपर्यंत दमानंच घ्या. बाबांना माझा नमस्कार सांगा.

डिचोलीकर_८४:
सांगतो. देव बरें करूं.